हॅम्लेट नाटकातील व्यक्तिरेखा आणि स्त्री-पुरुष भूमिका

विल्यम शेक्सपिअर यांची 'हॅम्लेट' ही शोकांतिका साधारणतः १५९९ ते १६०१ या काळात लिहिली गेली. तिची पहिली छापील प्रत १६०३ मध्ये, अधिक विस्तृत दुसरी प्रत १६०४ मध्ये आणि समग्र नाटकांच्या संग्रहातील प्रत १६२३ मध्ये प्रसिद्ध झाली. पित्याच्या खुनाचा सूड घेण्याची जबाबदारी अंगावर पडलेल्या राजपुत्राचे हे नाटक आहे. मात्र त्याच्या मनाला पहिली जखम होते ती खुनाच्या वार्तेने नव्हे, तर आईच्या पुनर्विवाहाने. त्यामुळे स्त्रीने कसे वागावे आणि पुरुषाने पुरुषासारखे वागावे म्हणजे नेमके काय करावे, हे दोन प्रश्न या नाटकाच्या मुळाशीच आहेत.

मराठीत हे नाटक प्रथम गोपाळ गणेश आगरकर यांनी 'विकारविलसित' या नावाने १८८३ मध्ये आणले. विधवांच्या पुनर्विवाहाचा कैवार घेणाऱ्या सुधारकाने नेमके हेच नाटक भाषांतरासाठी निवडावे, ही घटना मराठी वाचकाला या नाटकाकडे वेगळ्या बाजूने पाहायला लावते.

कथानक

डेन्मार्कचा राजा मरण पावतो. त्याचा भाऊ क्लॉडिअस गादीवर बसतो आणि दोन महिन्यांच्या आत विधवा राणी गर्ट्रूडशी विवाह करतो. मृत राजाचे भूत मुलाला, म्हणजे हॅम्लेटला भेटून सांगते की आपला खून क्लॉडिअसनेच केला. हॅम्लेट वेडाचे सोंग घेतो. दरबारी पोलोनिअस या वेडाचे कारण आपली मुलगी ऑफेलिया हिच्यावरील प्रेमात शोधतो आणि तिला हेरगिरीसाठी पुढे करतो. पडद्याआड लपलेला पोलोनिअस हॅम्लेटच्या हातून मारला जातो. ऑफेलियाला वेड लागते आणि ती बुडून मरते. तिचा भाऊ लेअर्टीझ सूडासाठी परत येतो. शेवटच्या द्वंद्वयुद्धात विषारी तलवार आणि विषाचा प्याला यांमुळे राणी, लेअर्टीझ, क्लॉडिअस आणि हॅम्लेट असे चौघेही प्राणास मुकतात.

मूळ कथा बाराव्या शतकाच्या अखेरीस सॅक्सो ग्रामॅटिकस या डॅनिश लेखकाने लॅटिनमध्ये नोंदवली. तीत भावाचा खून उघडपणे झालेला आहे, आणि राजपुत्राला मोहात पाडण्यासाठी पाठवलेली तरुणी त्याची बालपणीची सोबतीण असून ती त्याचा घात करीत नाही. सोळाव्या शतकात बेलफोरे या फ्रेंच लेखकाने ही कथा पुन्हा सांगताना राणीचा व्यभिचार खुनाच्या आधीचा ठरवला. पुढे मात्र त्याची राणी मुलाच्या बाजूने उभी राहते. शेक्सपिअरने खून गुप्त केला आणि राणीला काय ठाऊक होते हे जवळजवळ सांगितलेच नाही. नाटकाची सारी अस्वस्थता या न सांगण्यातून निर्माण होते.

गर्ट्रूड

नाटकात बोलणाऱ्या स्त्रिया दोनच: गर्ट्रूड आणि ऑफेलिया. (तिसरी 'राणी' नाटकातल्या नाटकात येते, आणि तिची भूमिका नटमंडळीतील मुलगा करतो.) एकूण ओळींपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक एकट्या हॅम्लेटच्या तोंडी आहेत, तर या दोघींच्या वाट्याला प्रत्येकी दोनशे ओळीही नाहीत. म्हणून त्यांच्याविषयी वाचकाचे जे मत बनते ते बहुतांशी पुरुषपात्रांच्या बोलण्यावरून बनते. हॅम्लेट आईला विषयासक्त म्हणतो, भूत तिला फसलेली पण पापी ठरवते, क्लॉडिअस आपण तिच्याशिवाय राहू शकत नाही असे सांगतो. स्वतः गर्ट्रूड दुसऱ्या विवाहाचे समर्थन करीत नाही की त्याविषयी विस्ताराने बोलत नाही. एका ठिकाणी मात्र ती क्लॉडिअसजवळ स्पष्टपणे कबूल करते की मुलाच्या वेडाचे मूळ त्याच्या पित्याच्या मृत्यूत आणि आपल्या घाईच्या विवाहात असावे. पोलोनिअसच्या लांबलचक तर्कापेक्षा हे निदान कितीतरी सरळ आणि खरे आहे.

तिला खुनाची माहिती होती का? संहितेचा कौल बव्हंशी 'नव्हती' असाच आहे. तिच्या महालातील प्रसंगात हॅम्लेट राजाच्या हत्येचा उल्लेख करतो तेव्हा तिला आश्चर्य वाटते. १६०३ च्या पहिल्या प्रतीत तर ती खुनाबद्दल आपण अनभिज्ञ असल्याची शपथ घेते आणि मुलाला मदत करण्याचे वचनही देते. पुढच्या प्रतींत ही शपथ नाही. व्यभिचार खुनाआधी होता की नाही, याविषयी भुताचे शब्द दोन्ही बाजूंनी लावता येतात.

इंग्लंडच्या त्या काळच्या प्रेक्षकाला या विवाहात दुहेरी दोष दिसत असे. एक घाईचा. दुसरा दोष अधिक गंभीर होता: चर्चच्या नियमाप्रमाणे मृत भावाच्या पत्नीशी विवाह हा निषिद्ध नात्यातला विवाह होता. आठव्या हेन्रीने आपली पहिली राणी कॅथरिन ही आधी आपल्या भावाची पत्नी होती या मुद्द्यावर तिच्याशी झालेला विवाह रद्द ठरवून घेतला होता आणि त्यातून इंग्लंड रोमपासून तुटले होते. हा निर्बंध इंग्लंडच्या कायद्यातून १९२१ मध्ये उठला. 'विधवेने पुन्हा लग्न केले' हा मात्र तेथे स्वतंत्र गुन्हा नव्हता. विधवांचे पुनर्विवाह सर्रास होत. हा फरक लक्षात ठेवला नाही तर मराठी वाचकाकडून नाटकाचा अर्थ चुकतो.

या विवाहाला राजकीय बाजूही आहे. क्लॉडिअस दरबारात गर्ट्रूडचा उल्लेख राज्याची वाटेकरीण असा करतो. डेन्मार्कची गादी निवडीने मिळत असे, आणि आपल्या व गादीच्या मध्ये काका आला अशी हॅम्लेटची तक्रार आहे. विधवा राणीशी विवाह करून क्लॉडिअसने आपल्या हक्काला बळकटी आणली. म्हणजे ज्याला हॅम्लेट केवळ वासना म्हणतो त्यात राज्यकारभाराचा हिशेबही आहे. पण त्या हिशेबात राणीचा स्वतःचा वाटा किती, हे कोणी तिला विचारत नाही.

समीक्षेनेही तिला फार काळ विचारले नाही. ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ च्या आपल्या ग्रंथात ती मनाने वाईट नसली तरी मंद आणि उथळ असल्याचा निर्वाळा दिला. टी. एस. एलियट यांनी १९१९ मध्ये असा आक्षेप घेतला की हॅम्लेटच्या मनात उसळणाऱ्या घृणेला पुरेल एवढे कारण गर्ट्रूडच्या व्यक्तिरेखेत नाही, आणि म्हणून नाटकच फसले आहे. १९५७ मध्ये कॅरोलिन हाइलब्रन यांनी तिचे प्रत्यक्ष संवाद तपासून दाखवले की ती मोजके, नेमके आणि मुद्द्याचे बोलते; तिच्यावरील मंदपणाचा आरोप संहितेतून नव्हे, तर समीक्षकांच्या समजुतीतून आला आहे. जॅनेट अॅडेलमन यांनी १९९२ मध्ये हॅम्लेटच्या घृणेचा उगम आईच्या देहाविषयी मुलाला वाटणाऱ्या भयात शोधला. एलियट यांचा आक्षेप उलटा करून वाचला तर तोच उपयोगी पडतो: कारण अपुरे आणि घृणा अमाप, ही विसंगती नाटकाचा दोष नसून हॅम्लेटच्या व्यक्तिरेखेचा विषय आहे.

महालातील प्रसंगानंतर गर्ट्रूड मुलाचे गुपित फोडत नाही. लेअर्टीझ चाल करून येतो तेव्हा मात्र ती पतीच्या रक्षणासाठी पुढे होते. मुलगा आणि पती यांच्यामध्ये ती शेवटपर्यंत उभी आहे. अखेरच्या प्रवेशात क्लॉडिअस तिला प्याला न घेण्यास सांगतो, ती क्षमा मागून तो पिते. साऱ्या नाटकात तिने पतीची आज्ञा मोडल्याचा हा एकच स्पष्ट प्रसंग आहे. प्याल्यात विष आहे हे तिला ठाऊक होते, असे काही दिग्दर्शक दाखवतात. संहिता तसे म्हणत नाही. पण मरताना विषाचे नाव उच्चारून मुलाला सावध करते ती तीच.

ऑफेलिया

ऑफेलियाला आई नाही. तिचा भाऊ परदेशी जाताना तिला उपदेश करतो की राजपुत्र स्वतःच्या मर्जीने विवाह करू शकणार नाही, तेव्हा सांभाळून राहा. पिता तेच अधिक कठोर शब्दांत सांगतो आणि हॅम्लेटला भेटण्यास बंदी करतो. त्याच प्रवेशात त्याने मुलाला व्यवहारज्ञानाचा उपदेश करून मोकळ्या मनाने पॅरिसला पाठवलेले असते, आणि पुढे मुलाच्या चालीरीतींची चौकशी करायला जो माणूस तो पाठवतो त्याला, मुलाने तरुणपणीचे थोडेफार रंगढंग केले तरी चालतील, असेच सुचवतो. मुलाला सूट आणि मुलीला कुलूप, असा हा घरचा न्याय. यावर ऑफेलियाने एकदाच उत्तर दिले आहे. भावाला ती म्हणते की मला काट्यांची वाट दाखवून स्वतः मात्र फुलांच्या वाटेने जाऊ नकोस. हे एक वाक्य सोडले तर पुढे ती आज्ञा पाळते, आणि आज्ञापालन हेच तिच्या नाशाचे कारण होते.

पित्याच्या सांगण्यावरून ती भेटवस्तू परत करते, आणि पुस्तक हाती घेऊन हॅम्लेटच्या वाटेत उभी राहते. हॅम्लेट तिला मठात जाण्यास सांगतो आणि साऱ्या स्त्रीजातीवर ढोंगाचा ठपका ठेवतो. येथे त्याचा राग तिच्यावर कमी आणि आईवर अधिक आहे हे उघड दिसते. तो निघून गेल्यावर ऑफेलिया स्वतःच्या अपमानाविषयी फारसे बोलत नाही. एवढे थोर मन नासले याचा शोक करते. तेवढ्यात पडद्याआडून बाहेर आलेले पिता आणि राजा पुढच्या बेताची बोलणी करू लागतात. तिचे सांत्वन करायला कोणालाही सवड नाही.

वेड लागल्यावर तिला बोलता येते. तिच्या गाण्यांत मेलेला पिता आहे आणि फसवून टाकलेली मुलगीही आहे. शहाणी असताना जे विषय तिला निषिद्ध होते तेच वेडेपणात उघड होतात. इलेन शोवॉल्टर यांनी १९८५ च्या लेखात दाखवले की ऑफेलियाच्या वेडाचे चित्रण प्रत्येक काळाने स्त्रीच्या वेडाविषयीच्या आपापल्या कल्पनेप्रमाणे केले. जॉन एव्हरेट मिले यांचे १८५१-५२ मधील प्रसिद्ध चित्र तिला फुलांसह पाण्यावर तरंगताना दाखवते. तो प्रसंग मुळात रंगमंचावर घडतच नाही. गर्ट्रूड त्याचे वर्णन करते आणि ते इतके सुंदर करते की मरणाची भीषणता झाकली जाते. कबर खणणारे मात्र सरळ विचारतात की ही आत्महत्या असेल तर हिला विधिपूर्वक मूठमाती कशी? बड्या घरची नसती तर मिळाली नसती, हे उत्तरही तेच देतात.

दफनाच्या वेळी गर्ट्रूड कबरीवर फुले टाकते आणि म्हणते की ही आपली सून व्हावी अशी आपली इच्छा होती. हा उद्गार वाचकाने निसटू देऊ नये. लेअर्टीझ आणि पोलोनिअस यांनी ज्या गृहीतकावर ऑफेलियाचे प्रेम मोडले, ते गृहीतक राजपुत्राच्या आईला मुळात मान्यच नव्हते. पण या दोन स्त्रिया संपूर्ण नाटकात एकदाही एकमेकींशी निवांत बोलत नाहीत. राजा, दरबारी आणि हेर यांच्या गर्दीत त्यांची गाठ पडते, आणि जे बोलायला हवे होते ते कबरीच्या काठावर बोलले जाते.

हॅम्लेट आणि पुरुषत्वाची कल्पना

स्त्रीभूमिकांइतकाच नाटकातील पुरुषत्वाचा प्रश्न महत्त्वाचा आहे, किंबहुना विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत नेहमी गळतो तो हाच भाग. पहिल्याच दरबारी प्रवेशात क्लॉडिअस हॅम्लेटच्या शोकाला पुरुषाला न शोभणारा म्हणतो. पुढे हॅम्लेट स्वतःचीच निर्भर्त्सना करतो तेव्हा कृती सोडून शब्दांनी मन मोकळे करणारी बाजारबसवी अशी उपमा स्वतःला देतो. बहिणीच्या मृत्यूची बातमी ऐकून लेअर्टीझला रडू येते आणि तो म्हणतो की हे अश्रू ओसरले की माझ्यातली बाई निघून जाईल. द्वंद्वापूर्वी हॅम्लेटच्या मनात अशुभाची पाल चुकचुकते, तर ती शंका बाईमाणसाला अस्वस्थ करील अशी आहे म्हणून तो बाजूला सारतो. त्या शंकेकडे त्याने लक्ष दिले असते तर कदाचित प्राण वाचले असते. शोक, भय, संकोच, विचार, जे जे कृतीच्या आड येते त्याला या नाटकातील पुरुष 'स्त्री' हे नाव देतात.

पित्याच्या मृत्यूने पेटलेले तीन पुत्र शेक्सपिअरने शेजारी शेजारी उभे केले आहेत. फॉर्टिनब्रास सैन्य घेऊन निघतो. लेअर्टीझ विचार न करता तलवार उपसतो आणि क्लॉडिअसच्या कपटाचे हत्यार बनतो. हॅम्लेट थांबतो, शंका घेतो, पुरावा शोधतो. सूडाच्या रूढ कल्पनेत पहिले दोघे 'पुरुष' ठरतात. पण नाटकाचा जीव तिसऱ्यात आहे. तरीही हॅम्लेटला निर्दोष ठरवता येत नाही. पोलोनिअसच्या मृत्यूचे त्याला फारसे दुःख नाही, आणि आईला तो जी वाक्ये ऐकवतो ती न्यायाची नसून सत्तेची आहेत. भुताने त्याला बजावले होते की आईला तिच्या सदसद्विवेकावर सोड. त्याने ही आज्ञा पाळली नाही.

'विकारविलसित' आणि विधवाविवाहाचा प्रश्न

आगरकरांचा जन्म १८५६ चा, म्हणजे ज्या वर्षी हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली त्याच वर्षाचा. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणातील खटल्यात त्यांना आणि बाळ गंगाधर टिळक यांना शिक्षा होऊन ते १०१ दिवस मुंबईच्या डोंगरी तुरुंगात होते. 'हॅम्लेट'च्या भाषांतराचे काम त्यांनी या तुरुंगवासात केले. शेक्सपिअर मराठीत तोपर्यंत नवखा नव्हता. महादेवशास्त्री कोल्हटकर यांचे 'ऑथेल्लो' १८६७ मध्ये प्रसिद्ध झाले होते. आगरकरांनी नाटकाला दिलेले नाव अर्थपूर्ण आहे. 'विकारविलसित' म्हणजे मनोविकारांचा खेळ. दोष व्यक्तीच्या जातीत किंवा लिंगात न शोधता विकारांत शोधणारे हे नाव आहे.

कायदा होऊन पंचवीसहून अधिक वर्षे झाली तरी पुण्यातील ब्राह्मण समाजात पुनर्विवाह करणाऱ्या जोडप्यावर बहिष्कार पडत असे. विधवेचे केशवपन ही चालू रूढी होती. जोतीराव फुले यांना १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढावे लागले ते याच रूढीच्या परिणामांमुळे. दुसरीकडे अनेक शेतकरी व कारागीर जातींत विधवेचा 'पाट' किंवा 'म्होतूर' लावण्याची रीत पूर्वापार होती. तो लग्नाइतका मानाचा विधी नसे, पण विधवेला पुन्हा संसार मिळे. म्हणजे 'पती वारल्यावर राणीने दुसरे लग्न केले' हे वाक्य महाराष्ट्रातील दोन घरांत दोन निरनिराळ्या अर्थांनी ऐकले गेले असते. नाटक वाचणारा वर्ग प्रामुख्याने पहिल्या घरातला होता. त्याच्या कानी हॅम्लेटचा संताप पडला म्हणजे तो रूढीच्या बाजूचा पुरावा वाटण्याचा धोका होता.

तो धोका टाळायचा तर हॅम्लेट नेमका कशावर संतापला आहे हे वेगळे काढावे लागते. खुनी दिराशी, निषिद्ध नात्यात, सुतक फिटण्याच्या आत म्हणावे अशा घाईने झालेला विवाह हा त्याचा विषय आहे. पण रागाच्या भरात तो स्वतःच ही मर्यादा ओलांडतो आणि एका स्त्रीच्या कृतीवरून सर्व स्त्रियांना चंचल ठरवतो. लक्ष्मीलाच 'चंचला' म्हणणाऱ्या परंपरेत हे विधान सहज रुजणारे होते. नाटकातल्या नाटकात हाच वाद पुन्हा येतो. तेथील राणी पतीला वचन देते की तुमच्यामागे मी कधीही दुसरा पती करणार नाही. राजा तिला समजावतो की माणसाचे निश्चय परिस्थितीबरोबर बदलतात, त्यात नवल नाही. मरणाऱ्या पतीच्या तोंडचे हे बोल क्षमाशील आहेत. हॅम्लेटने हा खेळ आईला टोचण्यासाठी मांडला. पण त्यातील सर्वांत शहाणे बोलणे त्याच्या हेतूच्या विरुद्ध जाते.

'विकारविलसित'च्या आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध पुण्यात छापला गेला. सुरतेच्या एका तरुण विधवेला बालहत्येबद्दल झालेली शिक्षा आणि त्यानिमित्ताने वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर झालेली टीका, हे त्याचे निमित्त होते. जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, असा ताराबाईंचा रोकडा सवाल आहे. पत्नी वारल्यावर दहाव्या दिवशी दुसरी आणणाऱ्या पुरुषाला कोणी चंचल म्हणत नाही, याकडेही त्या बोट दाखवतात. हॅम्लेटची तक्रार महिन्याची आहे. येथे हिशेब दहा दिवसांचा होता. ताराबाईंनी हॅम्लेट वाचले होते असे मानण्याचे कारण नाही. तरी हॅम्लेटच्या आरोपाला मराठीत मिळालेले सर्वांत समर्पक उत्तर त्यांच्याच निबंधात आहे, असे म्हणता येते. योगायोगाने त्याच १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना केली.

आगरकरांनी पुढे १८८८ पासून 'सुधारक' पत्रातून केशवपन, बालविवाह आणि स्त्रीशिक्षण या विषयांवर सडेतोड लेखन केले. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, असे त्यांचे मत होते. हे लेखन शेजारी ठेवले तर ऑफेलियाची कथा त्यांच्या विचाराच्या किती जवळची आहे हे ध्यानात येते. आज्ञा पाळण्यापलीकडे काहीही न शिकवलेल्या मुलीवरचे दोन आज्ञा देणारे पुरुष नाहीसे झाले की तिच्यापाशी काय उरते, याचे उत्तर चौथ्या अंकात आहे.

मराठी रंगभूमीवर

शेक्सपिअरच्या काळात इंग्लंडमध्ये स्त्रीभूमिका मुलगे करीत. तेथे नट्या १६६० नंतर आल्या. मराठी रंगभूमीवरही विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत बहुतेक मंडळ्यांतून स्त्रीभूमिका पुरुषच करीत. १८८१ मध्ये निघालेल्या शाहूनगरवासी नाटक मंडळीने 'हॅम्लेट' लोकप्रिय केले. गणपतराव जोशी (१८६७-१९२२) यांचा चंद्रसेन, म्हणजे हॅम्लेट, महाराष्ट्रभर गाजला, आणि मंडळीतील स्त्रीभूमिकांसाठी बळवंतराव जोग यांचे नाव झाले. या नटांना शेक्सपिअर समजावून देण्यात आगरकरांचे स्नेही प्रा. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांचा मोठा वाटा होता. या काळातील कौतुकाचा झोत मुख्यतः नायकावर होता. राणी आणि ऑफेलिया या त्याच्या दुःखाची निमित्ते ठरत.

पुरुष नटाने पुरुषी दृष्टीतून रंगवलेली स्त्री, असा हा दुहेरी पडदा होता. तो दूर करणाऱ्या महत्त्वाच्या प्रयोगांत 'नाट्यमन्वंतर' संस्थेच्या १९३३ मधील 'आंधळ्यांची शाळा'ची गणना होते. त्यात स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या. हे नाटक ब्यर्न्सन या नॉर्वेजियन लेखकाच्या ज्या नाटकावर आधारलेले आहे ते १८८३ चे, म्हणजे 'विकारविलसित'च्याच वर्षाचे, आणि त्याचा विषय आहे शीलाबाबत स्त्रीला एक माप आणि पुरुषाला दुसरे लावण्याचा समाजाचा अन्याय.

विसाव्या शतकात नाना जोग यांनी 'हॅम्लेट'चे नवे भाषांतर केले. त्यावर आधारलेला चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शित प्रयोग २०१८ मध्ये रंगभूमीवर आला. त्यात हॅम्लेटची भूमिका सुमीत राघवन यांनी केली. हिंदी चित्रपटात विशाल भारद्वाज यांच्या २०१४ च्या 'हैदर'ने आईच्या व्यक्तिरेखेला कथेच्या मध्यभागी आणले. तब्बू यांनी साकारलेली गझाला शेवटी जो निर्णय घेते तो मूळ नाटकातील राणीच्या वाट्याला आला नव्हता.

भाषांतरातील अडचणी

इंग्रजी क्रियापदाला लिंग नसते. मराठीत ऑफेलियाला 'मी जाते' आणि हॅम्लेटला 'मी जातो' म्हणावेच लागते, आणि स्त्रीवेषातील नटालाही ते 'जाते' रोज उच्चारावे लागे. इंग्रजीत जे केवळ आवाजाने आणि वेषाने दाखवायचे, ते मराठीत वाक्यावाक्याला व्याकरण सांगत राहते. भुताच्या बाबतीत याचा उलट उपयोग होतो. मुळात पहारेकरी त्याला निर्जीव वस्तूचे सर्वनाम लावतात. मराठीत 'भूत' नपुंसकलिंगी असल्याने ते आपोआप साधते, आणि हॅम्लेट त्याला पिता मानून बोलू लागला की भाषा पुल्लिंगी आदरार्थी होऊ शकते.

संबोधनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. महालातील प्रसंगात गर्ट्रूड मुलाशी जवळिकीच्या एकवचनी सर्वनामाने बोलू लागते, तर हॅम्लेट तिला अंतर राखणाऱ्या आदरार्थी सर्वनामाने उत्तर देतो. मराठी घरात मुलगा आईला 'तू' म्हणतो आणि त्यात अनादर नसतो. येथे 'तू' ठेवले तर हॅम्लेटचा दुरावा हरवतो. 'आपण' घातले तर दरबारी रीतीचा भास होतो, आणि तो प्रेक्षकाला त्याच क्षणी टोचायला हवा असेल तर आधीच्या प्रवेशांत मुलाने आईला 'तू' म्हटलेले असावे लागते. ऑफेलियाला लिहिलेल्या पत्रात हॅम्लेट एकवचन वापरतो. मठाच्या प्रसंगात तो एकवचन आणि आदरार्थी यांच्यात हेलकावत राहतो, आणि ती मात्र त्याला अखेरपर्यंत 'महाराज' म्हणूनच हाक मारते.